एक टन की दीड टन?

‘आमच्या मामूंनी दीड टनाचा एसी घेतला,’ असे वर्गात कोणी सांगितले की एखादा खट्याळ विद्यार्थी हमखास विचारतो, ‘मग तो माडीवर चढवला कसा?’ प्रश्न थट्टेचा असला तरी चुकीचा नाही. टन हे वजनाचे माप आहे. कोळसा टनावर मोजतात. मिरकरवाडा बंदरात उतरणारी मासळीही टनावर मोजतात. भिंतीवर टांगायचे यंत्र तर दोन माणसे उचलून जिना चढतात. त्याचे वजन दीड टन असणे शक्यच नाही. मग हा टन कशाचा?

या प्रश्नाचे उत्तर मिरकरवाड्यातच आहे. मासेमारीला निघणाऱ्या नौकांमध्ये बर्फ भरताना तुम्ही पाहिले असेल. बर्फाच्या मोठमोठ्या लाद्या फोडतात आणि तो चुरा नौकेच्या पोटात भरतात. हा बर्फ मासळीला गार ठेवतो, म्हणजे नेमके काय करतो? तो मासळीतली उष्णता आपल्याकडे ओढून घेतो आणि त्या उष्णतेने स्वतः वितळतो. ० अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचे ० अंशाचेच पाणी व्हायला ८० कॅलरी उष्णता लागते. तापमान बदलत नाही, तरी उष्णता खर्च होते. विज्ञानाच्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हटले आहे.

गारवा निर्माण करणारी यंत्रे येण्यापूर्वी श्रीमंतांच्या घरी गारव्यासाठी खरा बर्फच आणत असत. अमेरिकेतील बोस्टनजवळची तळी थंडीत गोठत. त्या बर्फाचे चौकोनी तुकडे कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजांनी परदेशी पाठवत. असे एक जहाज १८३३ साली कोलकात्याला पोहोचले. वाटेत बराच बर्फ वितळला, तरी उरलेल्या बर्फाला गिऱ्हाईक मिळाले. पुढे मुंबईतही बर्फ येऊ लागला. नंतर यंत्रे निघाली, तेव्हा गिऱ्हाइकांना सवय होती ती बर्फाच्या मापाची. ‘तुमचे यंत्र दिवसाला किती टन बर्फाचे काम करील?’ असा त्यांचा प्रश्न असे. तो प्रश्न आजपर्यंत टिकून राहिला.

आता हिशेब करून पाहू. अमेरिकन टन ९०७ किलोग्रॅमचा असतो. एवढा बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता २४ तासांत खोलीबाहेर काढणारे यंत्र म्हणजे एक टनाचे यंत्र. ९०७ किलोग्रॅमचे ग्रॅम करा आणि ८० ने गुणा. ७ कोटी २५ लाख ६० हजार कॅलरी झाल्या. त्यांना २४ ने भागले की एका तासाच्या सुमारे ३० लाख कॅलरी येतात. एक वॅटची शक्ती तासभर चालली तर ८६० कॅलरी होतात. म्हणून ३० लाखांना ८६० ने भागा. उत्तर साधारण ३५०० येईल. एक टन म्हणजे साडेतीन हजार वॅट. हा एकच आकडा लक्षात ठेवा, पुढचे सारे त्यावरच चालते.

मात्र येथे एक गैरसमज होतो. ३५०० वॅट ही यंत्राने खोलीबाहेर काढलेली उष्णता आहे, त्याने खाल्लेली वीज नव्हे. एसी गारवा तयार करीत नाही. तो खोलीतील उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. या हमालीसाठी त्याला साधारण पाव ते एक-तृतीयांश एवढीच वीज लागते. फुटक्या होडीतील पाणी टमरेलाने उपसणारा माणूस आठवा. एसी तो माणूस आहे, आणि होडीत शिरणारे पाणी म्हणजे खोलीत शिरणारी उष्णता. किती वेगाने उपसावे लागेल, हे टमरेल पाहून ठरत नाही. होडीला भोक किती मोठे आहे, यावर ते ठरते.

दुकानात गेल्यावर मात्र कोणी भोक पाहत नाही. ‘खोली केवढी?’ एवढेच विचारतात. शंभर-सव्वाशे चौरस फूट असेल तर एक टन, दीडशेच्या पुढे दीड टन, असे उत्तर तयार असते. याला अंदाज म्हणतात. हा शब्द फारसीतून उर्दूत आला तसा मराठीतही आला. हिशेब हा शब्दही मूळचा आपला, अरबी ‘हिसाब’. दोन्ही शब्द मराठीत शेजारी नांदतात, पण त्यांचे काम वेगळे आहे. दुकानदाराचा अंदाज अगदीच टाकाऊ असतो असे मी म्हणत नाही; पण तळमजल्यावरची, झाडाच्या सावलीतली खोली आणि स्लॅबखालची, उन्हात भाजणारी खोली या दोन्हींना तो एकच उत्तर देतो.

राजिवड्यातील एका घरात काय झाले ते सांगतो. नववीत शिकणाऱ्या एका मुलीचे वडील कुवेतमध्ये नोकरी करतात. सुटीवर आले असता त्यांनी आपल्या आईसाठी, म्हणजे मुलीच्या दादीसाठी, एसी घेतला. दादींना दम्याचा त्रास. उन्हाळ्यात रात्र रात्र झोप नाही. खोली वरच्या मजल्यावर, ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. वडिलांनी दोन टनाचे यंत्र निवडले. कुवेतमध्ये एवढ्याच खोलीला दोन टनाचे यंत्र होते आणि तेथे ते छान चाले. दुकानदारानेही मान डोलावली. मोठे यंत्र विकायला कोणत्या दुकानदाराला वाईट वाटेल?

यंत्र लावले. दहा मिनिटांत खोली थंडगार झाली आणि यंत्र थांबले. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. रात्रभर हाच खेळ. पहाटे दादींच्या अंगावरची गोधडी ओलसर लागे. भिंतीच्या कोपऱ्यात आठवड्याभरात काळे ठिपके दिसू लागले. खोकला कमी होण्याऐवजी वाढला. दादी म्हणाल्या, ‘बेटा, ही खोली आहे की विहीर?’ मग त्यांनी एसी बंद करून खिडकी उघडली. वडिलांची कित्येक महिन्यांची बचत भिंतीवर लटकत राहिली. ते सुटी संपवून परत गेले, तेव्हा हा विषय काढला तरी त्यांना वाईट वाटे.

यंत्र बिघडलेले नव्हते. ते फार मोठे होते. मोठे यंत्र असण्यात तोटा काय, हा प्रश्न वर्गात सर्वांनाच पडला. वाढत्या अंगाच्या मुलाला कपडे सैल घेतात, तसे यंत्रही थोडे मोठे घेतलेले बरे, असेच आपल्याला वाटते. याचे उत्तर समजायला एका छापखान्यात जावे लागेल.

१९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यापुढे मोठी अडचण उभी होती. रंगीत चित्र छापताना एका रंगावर दुसरा रंग छापावा लागतो. दमट दिवसांत कागद किंचित फुगे, कोरड्या दिवसांत आकसे, आणि दुसरा रंग जागा सोडून भलतीकडेच उमटे. पावसाळ्यात आपल्या वह्यांची पाने कशी वाकतात, ते रत्नागिरीच्या मुलांना सांगायला नको. ही अडचण सोडवण्याचे काम विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरकडे आले. त्याने थंड नळ्यांवरून हवा सोडली. थंड नळीवर हवेतील बाष्पाचे पाणी झाले आणि हवा कोरडी होऊन पुढे गेली. आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात या यंत्रापासून मानतात. ते माणसांना गार करण्यासाठी नव्हते, हवेतला ओलावा काढण्यासाठी होते.

उर्दूत आपण ज्याला नमी म्हणतो, त्यालाच मराठीत ओलावा, दमटपणा किंवा आर्द्रता असे शब्द आहेत. रत्नागिरीचा उन्हाळा आकड्यांनी पाहिला तर मुळीच भयंकर वाटत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान बहुधा ३२ ते ३४ अंशांच्या आसपास असते. नागपूरला ते ४५ च्या वर जाते. तरी आपल्या अंगाची लाही होते, कारण घाम वाळत नाही. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घामाला जायला जागा नसते. नागपूरला पाण्याचा कूलर उत्तम चालतो आणि आपल्याकडे तो नुसता ओला वारा देतो, याचे कारण हेच. माठातले पाणीही तिकडे जास्त गार होते.

म्हणजे आपल्याकडे एसीला दोन कामे असतात: हवा गार करणे आणि हवा सुकवणे. पहिले काम मोठे यंत्र झटपट करते. दुसऱ्याला वेळ लागतो. नळ्या थंड होणार, त्यांवर दव जमणार, थेंब धरणार आणि मग ते पाणी नळीवाटे बाहेर जाणार. दोन टनाचे यंत्र तापमान गाठताच थांबते. तोवर नळ्यांवर नुकते कोठे पाणी जमलेले असते. पंखा मात्र फिरत राहतो आणि तेच पाणी वाळवून पुन्हा खोलीत सोडतो. हवा गार झाली, पण ओली राहिली. गार आणि ओली हवा म्हणजेच दादींची विहीर. कुवेतची गोष्ट वेगळी. तेथे उन्हाळ्यात पारा ५० अंशांपर्यंत चढतो. २१ जुलै २०१६ रोजी कुवेतमधील मित्रिबा येथे ५३.९ अंशांची नोंद झाली. एवढ्या उष्णतेपुढे दोन टनाच्या यंत्राला थांबायला सवड मिळत नाही, आणि तेथील हवा बहुधा कोरडीच असते. यंत्र तेच, माणूस तोच, फक्त गाव बदलले.

लहान यंत्राचाही त्रास असतोच. ते रात्रंदिवस चालते आणि तरी खोली गार होत नाही. तो दोष लगेच कळतो. मोठ्या यंत्राचा दोष मात्र कळत नाही, कारण खोली गार झालेली असते. म्हणून मला दुसरा दोष अधिक फसवा वाटतो.

तेव्हा वर्गाने ठरवले की दादींच्या खोलीचा हिशेब करायचा. मीटर-पट्टी, वही आणि पेन्सिल एवढेच साहित्य. उन्हाळ्यातील सर्वांत तापदायक वेळ धरायची: बाहेर ३३ अंश, आत २५ अंश.

पहिले भोक म्हणजे छत. खोलीवर दुसरा मजला नाही, उघडा स्लॅब आहे. भर उन्हात काँक्रीटचा वरचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास तापतो. त्यावर अनवाणी उभे राहून पाहा, म्हणजे पटेल. काँक्रीट उष्णता अडवत नाही, फक्त थोडी उशिरा सोडते. दुपारी प्यायलेले ऊन स्लॅब संध्याकाळभर खाली ओतत राहतो. मगरिबनंतर बाहेर वारा सुटतो, पण इशाची नमाज झाली तरी वरच्या खोलीत छताची झळ लागते, ती यामुळे. अशा स्लॅबच्या दर चौरस मीटरमधून ८० ते ९० वॅट उष्णता आत येते असे धरले, तर १२ चौरस मीटरच्या छतातून सुमारे १००० वॅट येतील.

दुसऱ्या भिंती. आपल्या घरात पश्चिमेची भिंत कोणती, हे आपल्याला शोधावे लागत नाही. नमाजासाठी ज्या बाजूला तोंड करून उभे राहतो, तीच ती. किब्ला येथून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला आहे. अस्रच्या वेळेचे तिरपे ऊन नेमके याच भिंतीवर येते. उत्तरेच्या भिंतीला ऊन कमी लागते, आणि दोन खोल्यांमधल्या भिंतीतून फारशी उष्णता येत नाही. दादींच्या खोलीला पश्चिमेची आणि दक्षिणेची अशा दोन बाहेरच्या भिंती आहेत. दोन्ही चिऱ्याच्या. त्यांचे मिळून साधारण ४०० वॅट धरले.

खिडकी लहान असते, पण तिला विसरू नये. दीड चौरस मीटरच्या पश्चिमेकडील काचेतून संध्याकाळच्या उन्हात, आतून साधा पडदा लावलेला असतानाही, ५०० वॅट सहज येतात. तेवढ्या जागेत भिंत असती तर ५० वॅटही आले नसते. बाहेरून चटई सोडली तर यातला बराच भाग वाचतो. पडदा आत असला की ऊन काच ओलांडून आलेले असते. चटई बाहेर असली की ते बाहेरच अडते.

माणसेही उष्णता देतात. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट देतो, त्यात त्याच्या श्वासातला आणि घामातला ओलावाही आला. हे ऐकून वर्गात मोठा हशा झाला. पन्नास मुलांचा वर्ग म्हणजे पाच हजार वॅट, जवळजवळ दीड टन! मग वर्ग तापतो याचे नवल काय? दादींच्या खोलीत रात्री नात आणि सून असतात, म्हणून तिघींचे ३०० वॅट. टीव्ही, पंखा आणि दिवा यांचे १५० वॅट.

शेवटी हवा. खोली कितीही बंद केली तरी दाराखालून, खिडकीच्या फटीतून हवा आत-बाहेर होते. तासाला खोलीभर हवा बदलते असे धरा. खोलीची उंची ३ मीटर, म्हणजे ३६ घनमीटर हवा. बाहेरच्या एका घनमीटर हवेत आपल्याकडे एप्रिलमध्ये सुमारे २३ ग्रॅम बाष्प असते. सुखकर खोलीत ते १३ ग्रॅमच्या आसपास असावे. प्रत्येक घनमीटरमागे १० ग्रॅम जास्त, म्हणजे तासाला ३६० ग्रॅम पाणी काढून टाकायचे. एक ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे ५८० कॅलरी बाहेर पडतात. गुणाकार-भागाकार केला तर केवळ या ओलाव्याचे सुमारे २५० वॅट होतात. ती हवा ३३ वरून २५ अंशांवर आणायचे आणखी १०० वॅट. म्हणजे फटीतून येणाऱ्या हवेचे ३५० वॅट, आणि त्यातला मोठा वाटा उष्म्याचा नव्हे, ओलाव्याचा. दाराखाली रबराची पट्टी लावायला येणारा खर्च या हिशेबापुढे काहीच नाही.

बेरीज करा: छत १०००, भिंती ४००, खिडकी ५००, माणसे ३००, उपकरणे १५०, हवा ३५०. एकूण २७०० वॅट. दार उघडले, पाहुणे आले म्हणून आणखी दहावा हिस्सा घाला. ३००० च्या आत राहतो. एक टन म्हणजे ३५००. दादींच्या खोलीला एक टन पुरून उरतो.

हे झाले सर्वांत वाईट वेळेचे. घरोघरी एसी बहुतेक रात्रीच लावतात. रात्री खिडकीतले ऊन जाते, टीव्ही बंद होतो, भिंती निवतात, स्लॅबची झळही निम्म्यावर येते. मग उरतात सोळा-सतराशे वॅट, अर्ध्या टनाहूनही कमी. आणि भिंतीवर होते दोन टनाचे, ७००० वॅटचे यंत्र. चौपट! ते दर दहा मिनिटांनी थांबले नसते तरच नवल. हल्ली इन्व्हर्टर पद्धतीची यंत्रे मिळतात. गरज कमी झाली की ती थांबत नाहीत, हळू चालतात. हा मोठा फायदा आहे. पण तीही एका मर्यादेखाली हळू चालू शकत नाहीत, म्हणून त्यांनाही हिशेब चुकत नाही. पावसाळ्यात तर बाहेरचे तापमान कमी आणि ओलावा पुरेपूर असतो. तेव्हा मोठे यंत्र जेमतेम सुरू होते आणि बंद पडते.

हीच खोली तळमजल्यावर असती तर छताचे हजार वॅट जवळजवळ गेले असते आणि पाऊण टनाचे यंत्र पुरले असते. मजला बदलला की हिशेब बदलतो. तसाच तो छत बदलल्यानेही बदलतो. आपल्याकडची जुनी घरे आठवा. उतरते कौलारू छप्पर, त्याखाली माळा, भोवती पडवी. ऊन कौलांवर पडे, उष्णता माळ्यावर अडे आणि भिंतींवर पडवीची सावली असे. ब्रिटिशांनी ब्रह्मदेशचा राजा थिबा याला १८८५ मध्ये गादीवरून काढले आणि पुढल्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्यासाठी भाट्याच्या खाडीकडे पाहणाऱ्या उंचवट्यावर १९१० च्या सुमारास जो राजवाडा बांधला, तो तुम्ही सहलीत पाहिला असेल. जांभ्या दगडाचे बांधकाम, उतरती कौले, मोठाल्या खिडक्या. तेथे उष्णतेची भोकेच लहान ठेवली होती असे म्हणावे लागेल. नंतर आखातात कमावलेल्या पैशांतून आपण स्लॅबची घरे बांधली. ती पावसाला पक्की आहेत, वरती कपडे वाळतात, मजला वाढवता येतो. उन्हाचे मात्र आपण काही योजले नाही.

राजिवड्याच्या त्या घराने पुढे काय केले? दोन टनाचे यंत्र विकायला काढले तर निम्मीही किंमत येईना. तेव्हा मुलीने आणखी एक खोली मोजली. खालचा दिवाणखाना ६ मीटर लांब, साडेचार मीटर रुंद, दोन मोठ्या खिडक्या, जिन्याकडचा भाग उघडा, रमजानमध्ये इफ्तारला पंधरा-वीस माणसे. त्याचा हिशेब सात हजारांच्या जवळ गेला. यंत्र तेथे हलवले. वरच्या स्लॅबला मार्चमध्ये चुन्याचे दोन हात दिले आणि माडाच्या झापांचा मांडव घातला. दादींसाठी एक टनाचे यंत्र आले. ते निवडताना वडिलांनी कुवेतहून फोनवर विचारले, ‘एक टन कमी तर पडणार नाही ना?’ मुलीने त्यांना बेरीज वाचून दाखवली.

यंत्र घेताना त्याच्या अंगावर चिकटवलेली ताऱ्यांची चिठ्ठी नीट वाचावी. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने ही चिठ्ठी २००६ पासून सुरू केली. त्यावर यंत्राची क्षमता वॅटमध्ये छापलेली असते, आणि ती पाहिल्यावर कळते की सर्व ‘एक टन’ सारखे नसतात. कोणी ३३०० वॅटचे असते, कोणी ३५०० चे. ही क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. नागपूरच्या ४५ अंशांत तेच यंत्र कमी काम करते. रत्नागिरीला पारा क्वचितच ३५ ओलांडतो, म्हणून छापील आकडा आपल्याला बहुतेक पुरा मिळतो. तारे जितके जास्त, तितकी तेवढ्याच कामाला वीज कमी. पण तारे पाहून टन ठरत नाही. पाच ताऱ्यांचे चुकीच्या मापाचे यंत्रही चुकीचेच.

विजेचे बिल हा घरातील मोठ्यांचा विषय, तरी तुम्हीही समजून घ्या. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो. १०० युनिटांपर्यंत एक दर, त्यापुढे ३०० पर्यंत त्याहून चढा. घरात महिन्याला ९० युनिट वीज लागत असेल आणि एक टनाच्या यंत्राने रोज रात्री ४ युनिट घेतले, तर १२० युनिटांची भर पडून आकडा २१० होतो. वाढलेले जवळजवळ सर्व युनिट चढ्या दराने मोजले जातात. शिवाय ओली हवा असह्य झाली की लोक तापमान उतरवत उतरवत १८ अंशांवर नेतात. एक अंश वर ठेवला तर साधारण ६ टक्के वीज वाचते, असे ब्यूरोचे सांगणे आहे. १ जानेवारी २०२० पासून अशी यंत्रे सुरू करताच २४ अंशांवर लागावीत असा नियमही झाला. ज्या खोलीतला ओलावा निघाला आहे, तेथे २५-२६ अंशही पुरतात.

जोडणीच्या वेळी दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे. एसीला मीटरपासून वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि पक्के अर्थिंग हवे. पंख्याच्या वायरीवर तो चालवू नये. बाहेरचा डबा शक्यतो समुद्राच्या वाऱ्यासमोर ठेवू नये, कारण खाऱ्या हवेने त्याच्या पट्ट्या लवकर झिजतात. मात्र त्याला कोंडूनही ठेवू नये. त्याला उष्णता टाकायची असते. चिऱ्याच्या भिंतीत नळीसाठी भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला उतरते असावे आणि बाहेरून सिमेंटने नीट बुजवावे. नाही तर जूनमध्ये त्या भोकातून पाऊस आत येतो.

पाण्याची नळी कोठे सोडायची, हे दादींनी स्वतः सांगितले. नळीखाली त्यांनी एक बादली ठेवली. जुन्या यंत्राच्या वेळी पहाटे बादलीच्या तळाशी थोडेसे पाणी दिसे. नव्या यंत्राच्या पहिल्या आठवड्यात मुलगी रोज फजरच्या वेळी बादली मापाने मोजत होती. रात्री तीन-साडेतीन लिटर पाणी निघत असे. ते पाणी अंगणातल्या मोगऱ्याला जाते.